चाक न उघडता दिलेली गाडी

पाडवा जवळ आला की आमच्या रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या परतू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेरडं, पोरं आणि सगळ्याच्या वर उलटी बांधलेली बाज. घरी पोचल्यावर बाया आधी घर झाडायला घेतात आणि पुरुष आधी गोठ्याकडं वळतात, कारण तिथं दिवाळीपासून मोटारसायकल उभी असते. दहा किका मारतात, वीस मारतात, मग ढकलत माझ्याकडं घेऊन येतात. पुढचे पंधरावीस दिवस माझ्या दुकानासमोर गाड्यांची रांग असते आणि प्रत्येकाला आपली गाडी आजच हवी असते. सहा महिने परमुलुखात ऊस तोडून आलेल्या माणसाला उद्या ये म्हणणं जड जातं. त्या दिवसांत माझी कंबर संध्याकाळी वाकलेली असते ती सकाळीही पुरती सरळ होत नाही.

तलवाड्याच्या रस्त्याला लिंबाखाली माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं तीसपस्तीस वर्षं गेली. शाळेच्या अंकासाठी हे लिहायला सांगणारे गुरुजी म्हणाले, आजवर किती गाड्या नीट केल्या ते लिहा. ते मी कधी मोजलं नाही. मला सांगायचंय ते एका गाडीबद्दल, जी मी नीट केली नव्हती. पण त्याआधी सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळायची नाही.

गाडी उभी असली तरी तिची बॅटरी थोडी थोडी उतरतच असते. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ ॲसिड असतं. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्जिंगला लावली तरी पोटात काही ठेवत नाही. उपाय सोपा आहे. जाताना उणे बाजूची वायर सोडून ठेवायची. दोन मिनिटांचं काम. दर दिवाळीला मी हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो आणि दर पाडव्याला वायर जागच्या जागी असते. मी कोणाला दोष देत नाही. जाणारा माणूस त्या दिवशी म्हाताऱ्याच्या औषधाचं बघत असतो, पोरं बरोबर न्यावीत की ठेवावीत याचा विचार करत असतो. त्याला वायर कुठून आठवणार.

पूर्वीच्या गाड्या बॅटरी मेलेली असली तरी किकवर चालू व्हायच्या. नव्या गाड्यांत पेट्रोलसुद्धा विजेवर पुढं ढकललं जातं, त्यामुळं बॅटरी गेली की सगळंच थांबतं. लोकांना वाटतं गाडी नवी आहे, बिघडेल कशी.

एकदा एक म्हातारबुवा एसटीनं माझ्याकडं बॅटरी घेऊन आले. नायलॉनच्या पिशवीत आडवी घातलेली. वाटेत ॲसिड सांडलं आणि धोतराला रुपयाएवढी भोकं पडली होती, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. पोराच्या गाडीची बॅटरी काढून त्यांनी सगळा हिवाळा गोठ्यात दिवा आणि रेडिओ चालवला होता. मुलगा चार दिवसांत येणार होता. ‘कसं बी कर, पण पोरगं यायच्या आत जित्ती कर,’ एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी दोन दिवस हळू चार्जिंगला ठेवली, तिनं काही धरलं नाही. शेवटी माझ्याकडची एक वापरलेली बॅटरी त्यांना बसवून दिली. पुढं मुलगा दुकानात आला तेव्हा म्हणाला, आमची बॅटरी लई टिकली बघा. मी हो म्हणालो.

आणखी एका गाडीच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक ढकलून आणायला निघाला तर बायकोनं गाडीला हात लावू दिला नाही. पिल्लं निघेपर्यंत तो माणूस बाजाराला पायी गेला. नंतर गाडी आली तेव्हा विष्ठेनं सगळी क्रोमची चमक खाल्लेली होती. त्यानं ते दाखवलं आणि हसला, सात पिल्लं निघाली म्हणाला.

असे किस्से पुष्कळ आहेत. ते सांगायला बरे वाटतात, कारण त्यात कोणाला लागत नाही.

ब्रेकचं तसं नाही. बॅटरी गेली तर गाडी चालूच होत नाही, म्हणजे ती आपली तक्रार आपण करते. ब्रेक तक्रार करत नाही. इतक्या वर्षांत गाडी चालू होत नाही म्हणून रांग लावणारे मी पाहिले, पण ती थांबेल का बघा म्हणून आलेला माणूस क्वचितच. चाकाच्या मधोमध डब्यासारखा ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, चिकटवलेला असतो. पेडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो, चाक थांबतं. गोठ्यातल्या ओलीत, शेणामुताच्या वाफेत सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमला गंज चढतो, शू फाकवणारा खिळा जागीच अडकतो आणि कधी कधी लायनर खालून सुटायला लागतो. बाहेरून यातलं काही दिसत नाही. पेडल दाबून बघितलं तर ब्रेक लागतोही. चाक काढून उघडलं तरच खरं कळतं, आणि त्याला एका चाकामागं अर्धा तास जातो.

सोपान आला तो असाच पाडव्याच्या पुढच्या आठवड्यात. सातआठ वर्षं झाली. पस्तिशीचा, वाळकासा, कमी बोलणारा. त्याची शंभर सीसीची जुनी गाडी होती. वस्तीवरून माझ्या दुकानापर्यंत तीन किलोमीटरचा रस्ता, त्यात मधे चढ, म्हणून त्याची बायको रुक्मिण मागून गाडी ढकलत आली होती. दोघं घामाघूम झालेले. उसाच्या फडावर असताना त्यांचा धाकटा मुलगा तापानं फार आजारी पडला होता, हाती लागतो की नाही अशी वेळ आली होती. तो बरा झाला तर कपिलधारला दर्शनाला येईन असा नवस रुक्मिण बोलली होती. मुलगा बरा झाला. आता दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं.

मी म्हणालो, तुझ्या आधी अकरा गाड्या आहेत. सोपान काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. न बोलता उभं राहणाऱ्या माणसाला मी कधीच परत पाठवू शकलो नाही. बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि संध्याकाळपर्यंत थांबा म्हणालो. ती दोघं दिवसभर लिंबाखालच्या बाकड्यावर बसून होती. रुक्मिणनं भाकरी सोडली, मलाही अर्धी दिली. मी उभ्याउभ्या खाल्ली.

दुपारनंतर त्यांची गाडी घेतली. पुढचं चाक काढलं, ड्रम पॉलिश पेपरनं घासला, खिळ्याला ग्रीस लावलं, केबलीत तेल सोडलं. कार्बोरेटर साफ केला. मग मागच्या चाकाला हात घातला. त्याचा एक्सल, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो दांडा, गंजून पक्का धरला होता. दोनचार हातोडे मारले, हलला नाही. अशा वेळी तेल सोडून रात्रभर ठेवावं लागतं. सूर्य खाली गेला होता. रांगेतली माणसं कुरकुर करत होती. माझ्या कमरेतून कळ पायापर्यंत येत होती. मी बाहेरूनच खिळ्यावर तेल टाकलं, पेडल चारसहा वेळा दाबलं, मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट दोन आटे आवळला. चाक फिरवून पेडल दाबलं, चाक थांबलं. मग बॅटरी बसवली, सेल्फ मारला आणि गाडी पहिल्याच दमात चालू झाली. हॉर्न वाजला, इंडिकेटर लागले. सोपानच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू आलं.

त्यानं विचारलं, “मागचं बी झालं का मामा?”

मी म्हणालो, “झालं.”

एवढा एकच शब्द. मला तो खोटाही वाटला नाही तेव्हा. ब्रेक लागत होता ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपानचा फोन आला. कपिलधारच्या उतारावर वळणाला गाडी घसरली होती. त्याला खरचटलं होतं, पण रुक्मिण एका बाजूला पाय सोडून बसलेली, ती डांबरावर फेकली गेली. उजव्या हाताचं कोपर मोडलं होतं आणि बीडच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन होणार होतं. गाडी टेंपोत घालून पाठवतो, बघून ठेवा, एवढं सांगायला त्यानं फोन केला होता. मी विचारलं, काय झालं नेमकं. तो म्हणाला, रस्त्यावर खडी होती, माझंच ध्यान न्हवतं.

गाडी आली. हँडल वाकलेलं, फूटरेस्ट तुटलेलं, आणि मागचं चाक फिरत नव्हतं. एक्सलवर तेल सोडून मी तसाच घरी गेलो. सकाळी तोच एक्सल दोन ठोक्यांत निघाला. चाक उघडलं. एका शूचा लायनर अख्खाच्या अख्खा सुटून ड्रममध्ये पाचरीसारखा अडकला होता. उतारावर सोपान ब्रेक दाबत आला असणार, ड्रम तापला असणार, आधीच सुटत आलेला लायनर निघाला आणि त्यानं चाक जागच्या जागी धरलं. खडी असेल, नसेल. खडीचा त्यात काही संबंध नव्हता.

तो लायनर मी हातात घेऊन बसलो. मागची बाजू पांढुरकी, बुरशी आल्यासारखी. ती एका दिवसात येत नाही. त्या संध्याकाळी मी चाक उघडलं असतं तर बोटानं दाबूनसुद्धा कळलं असतं.

सोपान गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला नवे शू टाकलेत असं सांगितलं. जुने का काढले ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तो आपल्याच विचारात होता. दवाखान्यात रुक्मिणचा भाऊ आला होता, दिंद्रुडचा, आणि त्यानं चारचौघांत सोपानला फैलावर घेतलं होतं. गाडी चालवता येत नाही तर बायकोला मागं बसवतो कशाला, असं. सोपाननं ते खाली मान घालून ऐकून घेतलं. हे मला त्यानं स्वतःच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, झालं ते असं म्हणून. आणि मी पाना पुसत ऐकत राहिलो. त्या घटकेला सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण ते खरं नाही. तोंडापर्यंत आलंच नव्हतं. माझ्या दुकानाचं नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं.

पाऊसकाळ गेला. दसऱ्यानंतर मुकादम टोळ्या जमवायला लागले. उसात नवराबायकोची जोडी धरतात, एक जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. रुक्मिणचा हात कोपरात अर्ध्यावरच थांबायचा, सरळही होत नव्हता आणि पुरता वाकतही नव्हता. मोळी उचलायचं सोडाच, तिला त्या हातानं वेणी घालता येत नव्हती. सोपाननं चुलतभावाबरोबर जायचं ठरवलं. जायच्या आधी तो दुकानात आला, गाडी नीट राहण्यासाठी काय करू म्हणून विचारायला. मी वायर सोडायला सांगितलं, गाडी गोठ्यात न ठेवता पडवीत ठेवायला सांगितलं, घरच्यांनी आठ दिवसांनी एकदा पुढंमागं ढकलून ब्रेक दाबावेत असं सांगितलं. तो सगळं लक्ष देऊन ऐकत होता. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता की मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्या वस्तीवर गेलो. सोपान मुकादमाकडं गेला होता. रुक्मिण अंगणात सूप मांडीवर घेऊन डाव्या हातानं बाजरी निवडत बसली होती. तिनं पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायलो आणि बसल्या जागी सगळं सांगून टाकलं. मागचं चाक उघडलं नव्हतं, एक्सल निघेना म्हणून सोडून दिलं, झालं म्हणून खोटं सांगितलं, आणि लायनर सुटून चाक धरलं म्हणून तुझा हात मोडला.

ती बाजरीतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, “मला ठावं हाय, मामा.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“दिसभर तितंच तर बसले होते म्या. पुढचं चाक तुमी काढलं, मागचं न्हाई काढलं. म्या बघत होते.”

“मग बोलली कावून न्हाईस बाई?”

“त्यांनी इचारलं, तुमी झालं म्हणालात. मिस्तऱ्याला बाईमाणसानं काय सांगावं, म्हणून गप बसले.” हातातला खडा अंगणात टाकून ती म्हणाली, “लई येळा वाटतं, तवा बोलायला पायजे होतं.”

मी तिला म्हणालो, यात तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, माझी न्हाईच, पण वाटतं. मग तिनं सूप खाली ठेवलं. “आता मला सांगून काय हुतंय. त्यांना सांगा. त्यांनी माझ्या भावाचं लई ऐकून घेतलंय.”

सोपान येईपर्यंत मी तिथंच बसलो. तो आला, मला बघून खूश झाला, चहा ठेव म्हणाला. रुक्मिण जागची हलली नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. सोपान उभ्यानंच ऐकत होता. रागावला नाही, आवाज चढवला नाही.

“म्या इचारलं होतं मामा तुमाला,” तो म्हणाला. आणि घरात निघून गेला.

त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या, अंगावर आला असता, तर मी ते इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरलो नसतो.

मी उठलो. पुढच्या आठवड्यात एसटीनं दिंद्रुडला गेलो, रुक्मिणच्या भावाला शोधून काढलं आणि त्याच्या दारात उभं राहून सांगितलं की चूक तुमच्या मेहुण्याची नव्हती, माझी होती. त्यानं मला बस म्हटलं नाही. म्हणाला, कळलं, जा आता. ते बरोबरच होतं. पुढं त्यानं सोपानला फोन केला असं मी ऐकलं. काय बोलला ते मला माहीत नाही.

सोपान त्यानंतर माझ्या दुकानात आला नाही. गाडी गेवराईला नेतो. रस्त्यानं जाताना दिसला तर हात करतो, थांबत नाही. तो दरवर्षी चुलतभावाबरोबर उसाला जातो. रुक्मिण गावातच राहिली आणि तिच्याबरोबर पोरंही. मोठी मुलगी बारावीला आहे. आमच्याकडचे काही जण मला म्हणतात, एका अर्थानं बरंच झालं, आई घरी राहिली म्हणून पोरं शिकली. मी त्यांना गप्प करतो. पोरं शिकली ती रुक्मिणनं शिकवली म्हणून. वाकड्या हातानं लोकांच्या रानात खुरपून शिकवली. माझ्या चुकीला त्यात वाटा मागायचा अधिकार नाही.

दुकानाचं नाव गेलं का? थोडं गेलं. मी कोणापासून लपवलं नाही, त्यामुळं सगळ्यांना कळलं. काही गिऱ्हाइकं तुटली, बाकीची आली. माणसाला जवळचा मिस्तरी सोडवत नाही. मी मात्र बदललो. आता उभ्या राहिलेल्या गाडीची दोन्ही चाकं उघडल्याशिवाय मी ती देत नाही. डिस्क ब्रेक असला तर जुनं ब्रेकऑइल काढून टाकतो, कारण ते हवेतली ओल पितं. गिऱ्हाइकाला बोलावून उघडलेलं चाक दाखवतो, आणि बरोबर बायको, आई, बहीण कोणी असेल तर तिलाही दाखवतो. पुष्कळ बाया लाजून मागं सरतात. मी म्हणतो, बघा, तुम्हीपण याच गाडीवर बसणार आहात. एकीनं विचारलं होतं, हा पट्टा इथं वर आल्यासारखा का दिसतो. मी बघितलं तर खरंच लायनरची कड उचलली होती. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

यात वेळ जातो. दिवसाला जिथं दहा गाड्या व्हायच्या तिथं पाच होतात. लोक म्हणतात, मिस्तरी म्हातारा झाला, हात चालत नाही. तेही खरं आहे. सकाळी पाना धरताना बोटं उघडायला वेळ लागतो, आणि खाली बसलो की उठताना गाडीचाच आधार घ्यावा लागतो. दुकान बंद कर असं घरचे दरवर्षी म्हणतात. मीही दरवर्षी पाडव्यानंतर ठरवतो.

यंदाच्या पाडव्याला एक तरणा माणूस आला. सासुरवाडीला लग्न होतं, संध्याकाळपर्यंत पोचायचं होतं. बॅटरी बदलून दिली, गाडी चालू झाली, तो लगेच सीटवर बसला. मी म्हणालो, चाकं बघायची राहिलीत, तास लागेल. तो म्हणाला, ब्रेक चांगला लागतोय, दाबून बघितलाय. मी किल्ली काढून हातात ठेवली. मग तो चिडला. तुमचं काम बॅटरीचं होतं, तेवढं करा, असं म्हणाला आणि ते चूक नव्हतं. किल्ली माझ्या हातातून घेऊन तो पुढच्या चौकातल्या दुसऱ्या दुकानात हवा भरून तसाच निघून गेला. मी त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याच गाडीला हात लावला नाही. फोन वाजला की तोच असेल म्हणून उचलायचो.

तीन दिवसांनी तो परत जाताना दिसला. मागं बायको, मधे पोरगं, हँडलला लग्नातल्या शिदोरीची पिशवी. मला बघून त्यानं मुद्दाम हॉर्न वाजवला आणि ब्रेक दाबून गाडी जरा हळू करून दाखवली. ब्रेक चांगला लागला. त्याला काही झालं नव्हतं. बहुतेकांना काहीच होत नाही. त्याच भरवशावर मी सोपानला ‘झालं’ म्हणालो होतो.